नेम चुकतो तेव्हा

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझा पुतण्या पुण्याहून सुट्टीला मिरजेत आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्यापासून त्याचं तोंड उतरलेलं. दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात एक ॲप होतं. पाच वेळच्या नमाजा, तिलावत, जिक्र, सगळ्यांच्या चौकटी. केलं की हिरवी खूण पडते आणि सलग किती दिवस झाले त्याचा आकडा वर वाढत जातो. त्याचा आकडा १४२ पर्यंत गेला होता. मग परीक्षेच्या दिवसांत रात्रभर अभ्यास करून पहाटे डोळा लागला, फजर गेली आणि आकडा शून्यावर आला.

“चाचा, १४२ दिवस वाया गेले,” तो म्हणाला. “त्यानंतर मी सोडूनच दिलं. पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करणार?”

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण त्याचं दुःख खरं होतं आणि थोडंफार माझंही तेच होतं. अब्बांचा इंतकाल झाल्यावर काही महिने माझीही फजर सुटली होती. सुटल्याचं वाईट वाटायचं, वाईट वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटायचं नाही. माणसाने रोज काहीतरी इबादत करावी, त्याने जगण्याला दिशा राहते, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती एक दिवस चुकली तर पुढे काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या सांगली-मिरजेच्या मातीत ज्यांनी रोजच्या नेमावर आयुष्यं काढली, त्यांनी या प्रश्नाचं काय केलं, हे मी त्या रात्रीनंतर शोधू लागलो. सुरुवात घरातूनच झाली.

माझी दादी बेडगची. लग्न होऊन मिरजेत आली ती माहेरचं जातं घेऊन. आमच्या जुन्या घरात जिन्याखाली ते मांडलेलं असे. मी पाच-सहा वर्षांचा असताना मला पहाटे त्या घरघरीने जाग यायची. दादी उजव्या हाताने खुंटा ओढायची आणि डाव्या हाताने जोंधळ्याची वैरण घालायची. वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची मूठ. प्रत्येक वैरणीला ती अल्लाहचं एक नाव घेई आणि मध्येच गाणं सुरू करी. ते गाणं धड मराठी नसायचं, धड दख्खनीही नसायचं. त्यात मीरासाहेब असत, मदिना असे, बेडगच्या ओढ्याकाठचं माहेर असे, आणि एक सासू असे जिच्याविषयी दादी फार बरं बोलत नसे. अजान झाली की हात थांबायचा. ती उठून वजू करायची, फजर पढायची, आणि परत येऊन उरलेले जोंधळे दळायची. जात्यावरचा जिक्र कुठे संपला आणि नमाज कुठे सुरू झाली, याची सीमा मला तेव्हा कळत नसे. तिलाही ती आखावीशी वाटली असेल असं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही माझ्या फुफीकडून. महिन्यातल्या ज्या दिवसांत बायकांना नमाज माफ असते, त्या दिवसांतही दादीचं जात्यावरचं नामस्मरण चालू असायचं. जिक्राला त्या दिवसांत मनाई नाही, हे तिला कुठल्या मदरशात शिकवलेलं नव्हतं. तिच्या आईने जात्यावर बसून तिला ते शिकवलं होतं. त्यामुळे तिच्या दिवसाचा धागा महिन्याच्या महिन्याला तुटत नसे. आमच्याकडच्या किती मौलवींनी बायकांच्या या प्रश्नाचा असा विचार केला असेल, कोण जाणे.

पुढे गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी आली आणि जातं बंद पडलं. दादीच्या हातात तसबीह आली. पण ती म्हणायची, हात रिकामा राहिला की जीभ विसरते. ती गाणी मी उतरवून घेतली नाहीत. कॉलेजात इतिहास शिकत होतो, वह्या भरत होतो, पण जिन्याखालचा इतिहास मला इतिहास वाटला नव्हता. महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगाव फिरून जमवल्या. त्यांचं काम वाचताना मला दरवेळी आमचा जिना आठवतो.

दादीचं हे गाणं तिचं एकटीचं नव्हतं आणि ते आभाळातूनही पडलेलं नव्हतं. मिरजेहून कवठेमहांकाळ, जत करत पूर्वेला गेलं की विजापूर लागतं. आदिलशाहीत मिरज हे महत्त्वाचं ठाणं होतं. इथला किल्ला, बाजार, दर्गा सगळे त्या राज्याच्या व्यवहारात गुंतलेले. त्या विजापुरात शहापूरच्या टेकडीवर चिश्ती सुफींची एक परंपरा नांदली. शाह मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम, नातू अमीनुद्दीन आला. हे लोक फारसी जाणत होते, पण लिहीत दख्खनीत, म्हणजे बाजारात आणि चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या भाषेत. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली विजापूरच्या सुफींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका वेगळ्याच साहित्याकडे लक्ष वेधलं. चक्कीनामा आणि चरखानामा. दळताना आणि सूत काढताना बायकांनी म्हणायची गाणी. सतराव्या शतकापासून या परंपरेतल्या फकिरांनी ती रचली. मुलांना झोपवण्याच्या लोरीनाम्यांचीही त्यात भर पडली.

चक्कीनाम्यातली कल्पना साधी आहे. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. ज्या खिळीभोवती जातं फिरतं ती खीळ म्हणजे पैगंबर. दाणा भरडला जातो, पीठ होतं, चाळलं जातं, भाकरी होते, आणि यातल्या प्रत्येक कामाला साधनेतला एक अर्थ जोडलेला. चरखानाम्यात देहच चरखा होतो. जिक्राचा श्वास आणि चाकाचा फेरा एका लयीत आणलेला असतो. खानकाहीत बसून तासन्‌तास ध्यान करणारा मुरीद एखादाच. पण जोंधळा रोज दळावाच लागतो. या फकिरांनी बायकांना इबादतीसाठी वेगळा वेळ काढा असं सांगितलं नाही. जो वेळ त्या काढतच होत्या, त्यात त्यांनी नाव पेरलं. ईटन यांचं म्हणणं असं की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लाम पोचण्यात या गाण्यांचा मोठा वाटा आहे, कारण आईच्या मांडीवरचं मूल ती ऐकत मोठं होई. मला ते पटतं. तलवारीच्या जोरावर धर्म पसरल्याच्या गोष्टी ज्यांना पाठ आहेत त्यांनी एकदा जात्याच्या खुंट्याकडेही बघावं.

आता दुसरीकडे वळतो. जतच्या पुढे उमदी नावाचं गाव लागतं. सांगली जिल्ह्याचं ते पूर्वेकडचं टोक, पाऊस कमी, बोली अर्धी मराठी, अर्धी कन्नड. या गावचे भाऊसाहेब महाराज उमदीकर, १८४३ ते १९१४. निंबर्गी महाराजांच्या परंपरेतले हे सत्पुरुष. त्यांच्यापासून पुढे जो संप्रदाय वाढला तो सीमेपलीकडच्या इंचगिरी गावाच्या नावाने ओळखला जातो. अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे त्यांचेच शिष्य. या संप्रदायाचा सगळा भर एका शब्दावर आहे. नेम. दिवसातून तीनदा भजन, नामाचं ध्यान, आणि ते रोज. त्यांच्या भजनांच्या पुस्तकाचं नावच ‘नित्यनेमावली’. सांगलीत माझा एक मित्र आहे, बँकेतून निवृत्त झालेला, या संप्रदायातला. आम्ही एकमेकांच्या वेळा ओळखून आहोत. तो नेमाला बसला असेल तेव्हा मी फोन करत नाही, आणि मगरिबच्या सुमारास त्याचा फोन मला येत नाही.

त्याच्याशी बोलताना एक दिवस लक्षात आलं की मराठीत नेम या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रोजचा नियम, आणि दुसरा बंदूक किंवा गोफण रोखताना धरतात तो. एकाच शब्दात रोजची सवय आणि गाठायचं ठिकाण दोन्ही. मी भाषातज्ज्ञ नाही, हे दोन अर्थ कसे जुळले ते सांगू शकणार नाही, पण बोलीत ते शेजारी बसले आहेत खरे. आमच्याकडे नमाजेच्या आधी नीयत करतात. ही नमाज कुठली, किती रकअतींची, कुणासाठी, हे मनाशी ठरवायचं आणि मग हात बांधायचे. तेही नेम धरणंच झालं. आणि गोफण मारणाऱ्याला विचारा, नेम चुकला म्हणून कुणी गोफण फेकून देतं का? दुसरा दगड घेतो.

मित्राला मी विचारलं, तुमचा नेम कधी चुकतो का? तो म्हणाला, “चुकतो की. बायको दवाखान्यात होती तेव्हा वीस दिवस चुकला. मग एकविसाव्या दिवशी बसलो. बसलो तेव्हा काही वेगळं वाटलं नाही, फक्त गुडघे दुखले.”

मिरजेत नेम हा शब्द जितका चालतो, त्याहून जास्त रियाज चालतो. रियाज म्हटलं की डोळ्यांपुढे गवई येतो, पण हा शब्द गाण्यात मागाहून आला. मूळ अरबी रियाजत. अनघड शिंगराला लगाम सोसायला शिकवणं, हा त्याचा जुना अर्थ. सुफींनी तो उचलला. त्यांच्या लेखी नफ्स, म्हणजे माणसाचं हट्टी मन, हेच ते शिंगरू. त्याला रोज थोडं थोडं फिरवून आणायचं. एका दिवसात घोडा तयार होत नाही आणि एक दिवस फिरवला नाही म्हणून तो पुन्हा जंगलीही होत नाही. खानकाहीतला हा शब्द गवयांच्या घरात गेला आणि तिथून सगळ्या मराठी घरांत. आज पेटी शिकणाऱ्या ब्राह्मणाच्या मुलीला आई म्हणते, रियाज केलास का? त्या माउलीला ठाऊक नसतं की आपण सुफींची भाषा बोलतो आहोत, आणि आमच्यातल्या ज्या पोरांना संगीताचं वावडं आहे त्यांनाही ते ठाऊक नसतं.

मिरजेला हे गाणं कसं लागलं ती हकिकत बरीच जणांना अर्धी ठाऊक असते. इथे शिकलगारांची वस्ती होती. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, जंबिये घडवणारे आणि त्यांना पाणी, धार देणारे कारागीर. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि या लोकांचं काम सुटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांनी तंबोरा दुरुस्त करता करता तो नव्याने घडवायला घेतला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकाठी पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून त्यांची तुंबी, तूनच्या लाकडाची दांडी, आणि जी नजर पात्याचा बाक तपासायची तीच आता घोडीचा बाक तपासू लागली. त्यांच्या पोटी सतारमेकर हे आडनाव जन्माला आलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले गेले, फोटो निघाले, ते योग्यच. पण मला त्या पहिल्या पिढीचा विचार येतो. ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या हात तयार केला ते कामच जगातून उठून गेलं. हाताची सवय मात्र त्यांनी सोडली नाही.

याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. जन्म १८७२, उत्तरेतल्या कैरान्याचा. त्याच वर्षी मिरजेजवळच्या कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. दोघांचीही घडण मिरजेशी बांधलेली आहे, पण पलुस्करांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे खाँसाहेबांपुरतं बोलतो. बडोद्याच्या दरबारात असताना सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं सूत जुळलं आणि दोघं बडोदा सोडून निघाले. फिरत फिरत मिरजेला आले. आजारपणात खाँसाहेबांनी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गाण्याची सेवा केली आणि त्यांना बरं वाटलं, असं मिरजेत सांगतात. ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिला पुरावा मागू नये. पण ते या दर्ग्याचे झाले, हे खरं.

किराणा घराण्याचं गाणं म्हणजे सुराचं गाणं. तान, लयकारी, चमत्कार यांच्याआधी एक स्वर, तो नेमका लागेपर्यंत. पहाटे खर्जात बसायचं आणि खालचा षड्ज आळवत राहायचा. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल असं हे काम. प्रा. बी. आर. देवधर मिरजेचेच. त्यांनी ‘थोर संगीतकार’मध्ये खाँसाहेबांविषयी आपुलकीने लिहिलं आहे. खाँसाहेबांचा हात वाद्यदुरुस्तीतही चाले, आणि तंबोरा मनासारखा जुळल्याशिवाय ते गायला सुरुवात करत नसत. के. बी. देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला तेव्हा त्यांना कानाची साथ दिली ती याच माणसाने.

हे वाचताना असं वाटेल की एवढा नेमाचा माणूस, त्याचं आयुष्य किती आखीव असेल. तसं मुळीच नव्हतं. मुंबई, मिरज, पुणे, बेळगाव, म्हैसूर, मद्रास असं ते सतत फिरत राहिले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, हिंदू-मुस्लिम मुलांना घरात ठेवून शिकवलं, पैशाची ओढाताण झाली. सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी घडवला. आणि १९२२ साली घर फुटलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वती राणे झाल्या. जी मुलं आपल्या गळ्याची, त्यांची नावंही आपल्याकडची राहिली नाहीत. बाप म्हणून त्यांच्या मनात काय झालं असेल? दोष कुणाचा, यात मी पडत नाही. एवढंच दिसतं की त्यानंतरही पंधरा वर्षं हा माणूस गात होता, आणि आज तबकड्यांवर जो आवाज आपण ऐकतो तो बराचसा या तुटलेल्या घरानंतरचा आहे.

त्यांचा शेवट मिरजेत लहान मुलांनाही ठाऊक आहे. ऑक्टोबर १९३७. मद्रासला गाणी झाली होती आणि ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरात कलमा म्हणत म्हणत २७ तारखेला त्यांनी देह ठेवला, असं त्यांचे चरित्रकार आणि शिष्य सांगत आले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. रात्रीची वेळ, परकं गाव, परकी भाषा, आणि अनोळखी फलाटावर या माणसाने जे केलं ते नवं काही नव्हतं. रोज करत होते तेच केलं.

दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या आठवणीत संगीतसभा होते. लेक हिराबाई इथे येऊन गायल्या. देशातल्या नामवंतांनी इथे मानधनाचा विचार न करता हजेरी लावली. याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो, कारण हल्ली दर्गा म्हटलं की लोक फक्त एकाच समाजाचं नाव घेतात.

इथे काही वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहील, आणि तो आमच्याच मोहल्ल्यातली तरुण मुलं मला तोंडावर विचारतात. दर्ग्यात गाणं, जात्यावर अल्लाहचं नाव, ही बिदत नाही का? रोजची इबादत म्हणजे पाच वक्ताची नमाज. बाकी सगळं माणसांनी घातलेली भर. मी त्यांना मूर्ख म्हणत नाही. फर्ज ते फर्ज, त्याला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे. आणि समा ऐकावी की नाही यावर सुफींमध्येही एकमत नव्हतं. चिश्तींनी ती अटी घालून मान्य केली, इतरांनी टाळली. माझं म्हणणं वेगळं आहे. दादीच्या जात्याने तिची फजर कधी खाल्ली नाही, उलट तिला फजरपर्यंत आणून सोडलं. अजानच्या आधी तास-दीड तास ती जागी असे, नाव घेत असे. ज्या पोरांनी बिदत म्हणून ही दारं बंद केली त्यांच्या हाती आता मोबाईलचं ॲप आलं आहे. तीही भरच आहे की. फरक इतकाच की जातं तुम्हाला गुण देत नव्हतं.

खंड सगळ्यांनाच पडतो, आणि आपल्या जिल्ह्याला तर मोठमोठे पडले. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. अब्बा तेव्हा हयात होते. चाळीस वर्षं पहिल्या सफमध्ये उभा राहणारा माणूस घरात कोंडला गेला. जुम्याच्या दुपारी त्यांनी जिन्याखालच्या त्या जागेत, बंद पडलेल्या जात्याच्या बाजूला मुसल्ला अंथरला आणि जुम्याऐवजी जोहर पढली. नंतर बराच वेळ तिथेच बसून राहिले. संचारबंदी उठली त्या दिवशी ते मशिदीत गेले तेव्हा वाटेत शेजारच्या काकांना भेटले. दोघं काहीच बोलले नाहीत, असं अम्मा सांगते. पुढच्या आठवड्यात बोलले, तेही नळाच्या पाण्याबद्दल.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढली. तेव्हा मी सांगलीत भाड्याने राहत होतो. पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं आणि आम्ही मिरजेच्या घरी आलो. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला, पाणी पुरतं ओसरायच्या आत आली. त्या आठवड्यात माझ्या किती नमाजा गेल्या, मला सांगता येणार नाही. दिवसभर चिखल, बिस्किटांचे पुडे, औषधं, कुणाची म्हातारी आई कुठे आहे याचा शोध. रात्री अंग टाकलं की झोप. एका रात्री अब्बा म्हणाले, आधी आज उठ, कजा नंतर मोजू.

कजा. हा शब्द मला पुतण्याला सांगायचा होता आणि त्या रात्री सुचला नव्हता. शरीयतने नमाज सुटण्याची शक्यता आधीच धरून ठेवली आहे. झोपेत गेली, विसरून गेली, तर आठवेल तेव्हा पढायची, असा पैगंबरांचा आदेश हदीसमध्ये आहे. प्रवासात कसर आहे, आजाऱ्याला बसून, तेही नाही जमलं तर पडून, इशाऱ्याने. कजा म्हणजे उधारी. उधारी फेडायची असते हे खरं, पण दुकानदार खातं फाडून टाकत नाही. आधी फेडलेलं सगळं वहीत तसंच राहतं. शून्य कुठेही नाही. आणि थोडं असलं तरी नियमाने केलेलं अमल अल्लाहला सर्वांत प्रिय, हे जे पैगंबरांनी सांगितलं त्याचा अर्थ मी पूर्वी ‘कधीही न चुकता’ असा घेत होतो. आता मला वाटतं, जो परत परत येतो त्यालाही त्यात जागा आहे. हे माझं मत आहे, फतवा नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तसं कामही होतं, मेहुण्याच्या मुलीचा तंबोरा दुरुस्तीला टाकला होता. कारागीर घोडीवर जवारी लावत होते. कानशीने केसभर घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा केसभर. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. एका जागी तार मुकी वाटते, जरा पुढे सरकवला की अचानक सगळी तार बोलायला लागते. पुतण्या वाकून बघत होता. त्याने विचारलं, एकदा जुळवला की किती दिवस राहतो?

कारागिरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, “राहत नाही. गवसणीतनं काढला की जुळवायचा. सकाळी जुळवलेला दुपारी उतरतो. पावसाळ्यात तर विचारूच नको.”

“मग रोज पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशाला? खुंटी असते की जागेवर. जरासाच पीळ द्यायचा असतो.”

आम्ही तंबोरा घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाला येईपर्यंत असरची अजान सुरू झाली. तंबोरा मशिदीत न्यायचा की बाहेर ठेवायचा, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकड्याला तो टेकवून ठेवला आणि त्याला लक्ष ठेवायला सांगून आत गेलो.